तिसरी शिट्टी

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की माझ्या हातातला घास थांबतो. काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या आमच्या घरी नवा इलेक्ट्रिक कुकर आला आणि मी त्याच संध्याकाळी हौसेने त्यात तुरीच्या डाळीची खिचडी लावली. लसणाचा वास घरभर सुटला, कुकर बारीकसा आवाज करून गप्प झाला. घरात मी आणि सासरे, म्हणजे आबा, दोघंच होतो. आबा नेहमीसारखे बाहेर ओट्यावर बसलेले. आमच्याकडे सून सासऱ्यांना हाक मारत नाही. रोज तिसरी शिट्टी झाली की तेच हातपाय धुऊन आत येत. त्या दिवशी आलेच नाहीत. नवा कुकर बघून रुसले असतील, असं मनात धरून मीही रागाने एकटीच जेवून घेतलं. ताट उचलत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, “शिट्टी वाजनी नही ना, माय. माले वाटनं, खिचडी अजून शिजी ऱ्हायनी.” मग गार खिचडीवर कच्चं तेल घेऊन ते जेवले. ‘जेवायला चला’ हे दोन शब्द मला त्या दिवशीही येत होते.