गेममधल्या तिचा आवाज

मे महिन्यात कूलर बंद करून प्रेम कराचं म्हणजे काय असते, ते मले अकोल्यात समजलं. प्रेम माहं नव्हतं. आवाज फक्त माहा होता.

शाळेतला माहा दोस्त आन् त्याची बायको मिळून मोबाईलवरचा एक गेम बनवून राहिले होते. मोठ्यांसाठीचा, अठराच्या वरच्यांचा. परतवाड्याच्या जीपमध्ये बाजू-बाजूले बसलेले तिशीतले दोघं, त्यांची ओळख होते, मंग गोष्ट खोलीपर्यंत जाते. खेळणाऱ्यानं मधात-मधात ठरवाचं, काय बोलाचं आन् किती जवळ जायचं. दोस्त कॉम्प्युटरचं पाहे, वहिनी लिहे. शाळेत हेडमास्तरांचा आवाज त्यांच्याच मागं उभं राहून काढणारा मी, म्हणून मले अमरावतीहून बोलावलं. सारे आवाज माह्याकडं. तिचा बी.

"तुले बाईचा आवाज भल्ला जमते बे," दोस्त म्हणे.

भिंतीले गाद्या टेकवल्या, खिडकीले रजई लावली. कूलरची घरघर माईकमध्ये येते म्हणून तो बंद. बनियन पिळून घ्या असं झालं.

सीन असा. तो तिच्या दारात उभा हाय, जाऊ का थांबू करून राहिला. ती म्हणते, "काहून उभा हायेस? ये नं आत. मी काई खाऊन नाई राहिली तुले."

म्या जीव ओतून म्हटलं. दोस्तानं हेडफोन काढला.

"थांब बे. माही आत्या जेवाले बोलावून राहिली असं वाटते."

"मंग कसं पाहिजे तुमाले?" वहिनीनं विचारलं.

"जरा शुद्ध. हळुवार. 'आत ये ना, मी तुझीच वाट पाहत होते,' असं."

म्या पुण्याची नाजूक बाई काढली. दोस्ताचा चेहरा खुलला. वहिनी हसून-हसून गादीवर आडवी. "बँकेतून फोन आल्यासारखं वाटते, भाऊजी! आता म्हणन, मराठीसाठी एक दाबा."

दोस्त हसला नाई. "तेच ठेवू," म्हणे.

तशी वहिनी उठून बसली. असा बदल त्यानं आधीच्या सीनमध्ये बी केला होता. "परत माह्या बाईची भाषा बदलवली तं पुढचं तुमीच लिहा. मी नाई लिहीत."

अर्धी गोष्ट लिहाची बाकी होती. वहिनीशिवाय तो गेम म्हणजे नुसती जीप.

गंमत अशी की दोघंही खरं बोलून राहिले होते. दोस्त वलगावचा, वावरावाल्या मोठ्या घरातला. वऱ्हाडी म्हणजे त्याले आत्या, काकू, ढोरांले ढेप आणली का, गोठ्यात कोण गेलं. त्या भाषेत त्याले प्रेम सुचतच नाई, त्याले दूरची बाई लागते. वहिनी पातूरची, फुलं विकणाऱ्या घरची. "गजरे ओवता-ओवता माही माय बापाले याच भाषेत चिडवे," वहिनी म्हणे, "आन् बाप लाजून पाणी प्यायले उठे. मले त्याहून भारी काई वाटतच नाई."

"आन् दुसरं," वहिनी सुरूच होती, "यांले सारं दिसलं पाहिजे, लाईट लावून. मले दारापर्यंतच बरं वाटते. दारात जे होते ते आत होत नाई."

"लोकं काय नुसतं दार पाहाले येतीन का?" दोस्त.

मले भांडणारी बाई आवडते, पण मले कोणी विचारलं नाई.

शेवटी म्याच तोंड उघडलं. "गडबड भाषेत नाई, माह्या गळ्यात हाय. बाईचा आवाज म्या शिकलो कोणापासून? शाळा सुटली की याच्या घरी जाऊ, तथी याच्या आत्यापासून! म्या कोणतीबी बाई काढली तं ती आत्याच निघन. वहिनी, तुमी म्हणून पाहा."

वहिनीनं कागद घेतला, पण पाहिलं त्याच्याकडं. हळूच म्हणे, "काहून उभा हायेस? ये नं आत..."

दोस्ताचे कान लालभडक. तो उठला आन् रेकॉर्डिंग चालू असताना कूलर लावला.

"काय झालं?" वहिनी म्हणे. "आत्या वाटली का?"

"नाई." त्यानं मान खाली घातली. "मस्त झालं. पण हे गेममध्ये नाई टाकाचं."

"काहून?"

"कोणीबी ऐकन नं."

म्या गादीकडं तोंड करून बसलो. हसू दाबाले गादी बरी असते.

वहिनीनं कागद खाली ठेवला. मंग म्हणे, "असं करू. तिले आवाजच नको. अक्षरं दिसतीन फक्त. ज्याले जिचा आवाज आवडते, त्यानं तिचा मनात ऐकावा. तुमी पुण्याचा ऐका खुशाल. पण अक्षरं माही राहतीन, एकबी बदलाचं नाई."

"आन् दाराच्या आतलं?"

"ज्याले आत जायचं तो जाईन, ज्याले दारातच थांबाचं तो थांबन. बटणं दोन ठेवा."

दोस्तानं मान हलवली. वहिनीनं त्याच्याच खिशातला पेन काढला आन् पुढचा सीन लिहाले घेतला.

कूलर परत बंद. म्या गेममधला तो काढला, जीपवाला काढला, घरमालक काढला, जीपच्या टपावरची बकरी बी काढली. बकरी साऱ्यांले एकमतानं आवडली.

संध्याकाळी दोस्त मले बसस्टँडवर सोडाले आला. एका कानात हेडफोन, गालात हसू.

"काय ऐकून राहिला बे?"

"काई नाई," म्हणे, "कूलरचा आवाज आला का, ते पाहून राहिलो."