जावेचा फोटो

मला चेहरे न्याहाळायची खोड आहे, त्यामुळे मतदान केंद्रावर ओळखपत्रं तपासायचं काम आलं की मी मनातून खूशच. आमच्या शाळेत मात्र दर निवडणुकीला त्यावरून वाद. एक सर म्हणतात, फोटो नाही तर मत नाही, नाहीतर बोगस मतदानाला मोकळं रान! दुसरे म्हणतात, गावात ओळखीला कागद कशाला? मी फोटोवाल्यांच्या बाजूची.

गेल्या खेपेला शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ड्युटी लागली. दुपारी एक सत्तरीची अक्का आली. कार्ड पाहिलं आणि मी उडालेच. फोटो भलत्याच बाईचा!

"अक्का, ह्या तुम्ही नाहीत."

"नाव मनं शे. फोटो मनी जाऊना शे."

फोटो काढायला दोघी जावा एकामागोमाग बसल्या होत्या, तिथेच अदलाबदल झालेली. सकाळपासून एकमेकांकडे ढुंकून न बघणारे दोन पक्षांचे प्रतिनिधी एका सुरात ओरडले, "या अक्काले बठ्ठं गाव वळखस!"

पण गावाची साक्ष मला चालत नव्हती. दुसरा पुरावा मागितला. तिनं शांतपणे कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. मला रागच आला.

"अहो, मग हे आधी दाखवायला काय झालं होतं?"

"दर टाइमले आम्ही दोन्ही संगे येवूत. औंदा ती नही. तिना दुसरा फोटो बी नही."

मी दुरुस्तीचा अर्ज काढला. म्हटलं, हा भरा, नवं कार्ड येईल. तिनं जुनं कार्ड झटकन पदराखाली घेतलं.

"मंग हाई माघारी लेशात का?"

उत्तर टाळून मी यादीत बोट फिरवू लागले. तिच्या नावापुढे जावेचा फोटो. खालच्या ओळीत जावेचं नाव, त्यावर आडवा शिक्का: वगळले. आणि शिक्क्याखाली फोटो समोर उभ्या असलेल्या अक्काचा! मी पटकन यादी झाकायला गेले, पण तिनं पाहिलंच.

खो खो हसली बाई. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "राहू दे वं बाई. ती मना नाववर जिती शे, मी तिना नाववर मरी गऊ. बरं शे."

बोटाला शाई लावून ती मत द्यायला गेली. अर्ज मी घडी घालून परत माझ्या पिशवीत टाकला.