न बोलावलेल्या बाईची सही

मलकापुरात प्लॉट घेतला तेव्हा नकाशात त्याला लागून एक हिरवा चौकोन होता. त्यावर ‘बगीचा’ असं लिहिलेलं. आमचे हे फौजेत. सुट्टीवर आले की त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसायचे आणि बाक कुठे येणार, घसरगुंडी कुठे, हे मला बोटानं दाखवायचे. बगीचा झालाच नाही, आणि हेही गेले. जागा मात्र तशीच राहिली. पोरं तिथं क्रिकेट खेळून माझ्या काचा फोडायची आणि मी त्यांच्या आयांशी भांडायची.

मग एका बिल्डरची त्या जागेवर नजर गेली. सात मजली इमारत, खाली गाळे. त्याला सगळ्या प्लॉटवाल्यांची संमती हवी होती, माझी तर हवीच, कारण माझं घर त्या जागेला खेटून. दोनदा पेढे घेऊन आला. दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

संक्रांतीला त्याच्या बायकोनं अख्ख्या कॉलनीला हळदीकुंकवाला बोलावलं. अख्ख्या म्हणजे मला सोडून. विधवेला कोण बोलावतं? खरं सांगते, त्या दुपारी मी उगाचच चांगली साडी नेसून खिडकीत बसले होते. बायका नटूनथटून समोरून गेल्या, परतताना प्रत्येकीच्या हातात वाणाचा स्टीलचा डबा. एकीनंही वर बघितलं नाही. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

डबा देताना त्या बाईनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. “कुणाला वाण पोचलं, कुणाला न्हाई, कळाया नको व्हय?” असं म्हणत. कागदाचा वरचा भाग तिळगुळाच्या ताटाखाली होता. हळदीकुंकवाला जाऊन कुणी कागद वाचत बसत नाही.

नगरपालिकेत हरकतींची सुनावणी झाली, तेव्हा तोच कागद बाहेर आला. वर छापलेलं होतं, इमारतीला आमची संमती आहे. बायकांची तोंडं उतरली. शेजारीण माझ्या कानाशी लागली, “आवं काकू, तुमी बी सही दिली व्हय? शेवटची तुमचीच हाय.”

सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडून मी कागद मागून घेतला. नाव माझं, अक्षर भलत्याच कुणाचं. मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला.

“साहेब, या सह्या कुठं झाल्या, तेवढं यांना विचारा.”

“आमच्या घरीच,” बिल्डर ऐटीत म्हणाला. “संक्रांतीला, समद्या हळदीकुंकवाला आल्या तवा.”

त्याची बायको पुढच्याच खुर्चीवर होती. मी तिच्याकडे वळले. “मला कुंकू कुणी लावलं गं? नवरा गेल्यापासून या कॉलनीत मला कुणी बोलावलेलं नाही. तू बोलावलं असशील तर तसं सांग. ही सही माझी, असं मी लिहून देते.”

तिनं मान खाली घातली. “न्हाई बोलावलं.”

“मोठ्यानं सांग.”

तिला पुन्हा सांगावं लागलं. गरज नव्हती, साहेबांनी पहिल्याच वेळी ऐकलं होतं. पण मला खिडकीतली ती दुपार फेडून घ्यायची होती. मग बाकीच्या बायकांनाही कंठ फुटला आणि ती यादी बाद झाली.

इमारतीला परवानगी मिळाली नाही आणि वर्षाच्या आत बगीचा झाला. बाक आम्ही यांनी दाखवलेल्या जागीच बसवला. पुढच्या संक्रांतीला मी तिथं हळदीकुंकू केलं आणि पहिलं बोलावणं त्या बाईला धाडलं. विधवेच्या हातचं कुंकू ती चारचौघींत नाकारेल आणि मला पुन्हा तोंड सोडता येईल, अशी माझी आशा होती. पण तिनं मुकाट्यानं कपाळ पुढं केलं.

मी कुंकू लावलं. हातात वाण म्हणून जास्वंदीचं रोप दिलं. मग वही तिच्यासमोर धरली. ही जागा कायम बगीच्याचीच राहावी, असा अर्ज त्या वहीत लिहिलेला होता.

“सही कर,” मी म्हणाले, “पण आधी वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”