शेवटचं बटण

सरकारी आरोग्य प्रयोगशाळेतल्या हेडक्लार्कना सगळे माघारी 'कुलूप' म्हणत. रक्ताचे, थुंकीचे, पाण्याचे सगळे रिपोर्ट त्यांच्या कपाटात आणि किल्ली कमरेला. रिपोर्ट हवा असेल तर आधी त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायची, मग मुलीच्या सासरची. तेव्हा कुठे स्वारी खुर्चीतून हलायची. मोठमोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे आवाजाला लोणी लावून बोलत.

मग वरून हुकूम आला, की नोंदी संगणकावर घ्या. प्रणाली बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीने समजावलं, की हा प्रोग्राम कुणा कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. कुणीही फुकट घ्यावा, आत काय आहे ते बघावं, हवा तसा बदलावा. 'कुणीही' हा शब्द ऐकताच कुलूपांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

सगळ्यांना वाटलं, आता हे आडवे येणार. पण कुलूप पहिल्या रांगेत बसून शिकले. शेवटी त्यांनी त्या इंजिनिअर मुलीला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की रिपोर्ट बाहेर पडण्याआधीचं शेवटचं बटण कोण दाबणार. ती म्हणाली, तुम्ही ठरवाल तो. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना निवृत्तीचे वेध लागलेले. त्यांनी मान डोलावली, आणि मंजुरीचा पासवर्ड एकट्या कुलूपांकडे आला. वर कुलूपांनी भिंतीवर आदेश चिकटवला: मंजुरीशिवाय कोणताही निकाल तोंडीही सांगू नये. पाहणीला कुणी आलं, की मात्र ते खुलेपणावर असं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या घराला दारंच नसतील.

पुढे ते स्वतःच तापाने फणफणले आणि इस्पितळात दाखल झाले. रक्त तपासायला गेलं ते त्यांच्याच प्रयोगशाळेत. ताप कशाचा हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध बदलेनात, आणि संगणकावर तर 'मंजुरी बाकी'. बायकोने प्रयोगशाळेत फोन केला.

"वहिनी, रिपोर्ट सकाळपासून तयार आहे," टेक्निशियनबाई शांतपणे म्हणाल्या, "पण तोंडी सांगायला बंदी आहे. त्यांचाच आदेश."

सांगता आलं असतं. पण असा योग नोकरीत एखाद्याच वेळी येतो. बाईंना तो जरा चाखायचा होता.

बायको खाटेपाशी गेली. कुलूपांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो."

"मग काय, वर घेऊन जाणार आहात?"

बराच वेळ कण्हून त्यांनी तो तिच्या कानात सांगितला. फोनवर नीट ऐकू जाईना, म्हणून तिने आवाज चढवला. "मीच साहेब. हो, मीच साहेब. मधे जागा सोडायची नाही." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकायचं विसरून हसू लागला. कुलूपांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

औषध लागू पडलं. कामावर परतल्यावर त्यांनी घोटभर पाणीही न पिता आधी पासवर्ड बदलला. मंजुरीचा अधिकार आणखी दोघांना द्यावा, असा अर्ज टेक्निशियनबाईंनी केला. सूचना फारच चांगली आहे, असं म्हणून कुलूपांनी तिच्यावर विचार करायला समिती नेमली. समितीत सध्या ते एकटेच आहेत.