सोफ्यावरचं डोकं

चूक दोन बोटांनी केली. पण ती बोटं स्टायलिस्टचीच असल्यामुळे दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायची सोय नव्हती.

स्टायलिस्ट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका सलूनमध्ये कारागीर होता. मालकाने एकदा पाटी बदलली, खुर्च्यांना नवं रेक्झिन चढवलं, दर वाढवले, आणि वाढलेले दर गिऱ्हाइकांच्या गळी उतरावेत म्हणून कारागिरांच्या काळ्या ॲप्रनवर 'स्टायलिस्ट' असं शिवून घेतलं. बाकीचे कारागीर ॲप्रन खुंटीला टांगून घरी जात. हा एकदा घाईत तसाच घरी आला. गल्लीने वाचलं. त्या दिवसापासून दूधवाल्यापासून मेहुण्यापर्यंत सगळे त्याला स्टायलिस्ट म्हणायला लागले. बायको फक्त रागावली की म्हणायची. म्हणजे बऱ्याचदा.

त्या दिवशी सलूनला सुट्टी होती आणि सकाळीच घरमालकीणबाईंचा फोन आला. दुपारी येते, घर बघते, करार वाढवायचा की नाही ते बघून ठरवते, एवढंच त्या बोलल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, घरात कोणी आजारी आहे असं कानावर आलं, खरं का? स्टायलिस्टने ताबडतोब सांगितलं की छे, कोण म्हणतं, वडिलांचे गुडघे तेवढे कुरकुरतात. घर घेतानाही त्याने हेच सांगितलं होतं.

वडिलांचे गुडघे ठणठणीत होते. फक्त उजव्या बाजूचा गुडघा, पाय, हात आणि अर्धा चेहरा त्यांचं ऐकत नव्हता. दवाखान्यातून सुटल्यावर ते काही महिने थोरल्याकडे होते. थोरल्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांच्या पलंगासमोरच्या खिडकीतून दिसायची फक्त शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. थोरली सून वाईट नव्हती, वेळेवर सगळं करायची. पण बाबा त्या टाकीकडे बघत बघत गप्प झाले ते झालेच. डॉक्टर म्हणाले, वाचा गेली असेल. स्टायलिस्टने मग जंग जंग पछाडून हे तळमजल्याचं घर शोधलं. दार थेट रस्त्यावर उघडणारं. बाबांना खुर्चीत घालून दारात बसवलं की येणारा जाणारा दोन शब्द टाकून जायचा. महिनाभराने भाजीवालीने विचारलं, "आजोबा, बरं आहे ना?" आणि बाबा म्हणाले, "बरं."

तेव्हापासून तो एक शब्द त्यांच्याकडे होता. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, टीव्ही बंद कर म्हणायचं असलं तरी बरं. सूर बदलायचा आणि सुनेला तो अचूक कळायचा. हे घर गेलं तर पुन्हा चौथा मजला, पुन्हा टाकी. तो शब्द तिथे टिकेल याची घरात कोणालाच खात्री नव्हती.

म्हणून स्टायलिस्टने ठरवलं की बाबांना तरुण करायचं. निदान मालकीणबाई असेपर्यंत. पांढऱ्या केसांचा माणूस गप्प बसला की आजारी वाटतो, काळ्या केसांचा गप्प बसला की शिष्ट वाटतो, हे त्याचं सलूनमधलं निरीक्षण होतं. त्याने वाटीत डाय कालवला आणि बाबांना सोफ्यावर बसवलं.

सोफा मालकीणबाईंचा, घराबरोबर आलेला. सायीच्या रंगाचा, मखमली, आणि त्यावर त्यांनी घातलेलं प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर. ते काढायचं नाही, ही त्यांची ताकीद. पण प्लास्टिकवर बसवलं की बाबा हळूहळू घसरत खाली यायचे आणि शेवटी जमिनीवर पोचायचे. त्यामुळे कव्हर माळ्यावर असायचं आणि बाई यायच्या दिवशी खाली यायचं. आज ते आधी घालावं असं बायको म्हणाली होती. तो म्हणाला, अगं, डाय झाला की घालतो, आत्ता बाबा घसरतील.

डाय छान लागला. आता तो मुरेपर्यंत दाढी उरकावी म्हणून त्याने गालांना फेस लावला, वस्तऱ्यात पातं घातलं, आणि वर्षानुवर्षं दिवसातून कितीतरी वेळा जे करत आला तेच त्याच्या हाताने केलं. दोन बोटं कपाळावर हलकेच टेकवली आणि तोंडाने म्हणाला, "टेका."

सलूनमध्ये खुर्चीमागे उशी असते, उशीवर टॉवेल असतो. बाबा आज्ञाधारक गिऱ्हाईक. त्यांनी मागे डोकं टेकलं.

त्याने हाक मारून उठवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सायीच्या मखमलीवर एक काळंकुळकुळीत डोकं उमटलं होतं. नुसता डाग असता तर एक वेळ चाललं असतं. याला कानसुद्धा होते.

बायको स्वयंपाकघरातून आली. बघितलं. आणि फडकं ओलं करायला परत आत गेली.

त्यानंतर त्या दोघांनी त्या सोफ्याचे जे हाल केले ते सोफ्यालाच ठाऊक. आधी ओलं फडकं, मग साबण. डाग जागचा हलला नाही, नुसता रुंदावला. मग गिऱ्हाइकाच्या कपाळावर डाय लागला तर सलूनमध्ये टूथपेस्ट चोळतात म्हणून टूथपेस्ट. तिचा फेस झाला, घरात पुदिन्याचा वास सुटला, डोकं तसंच. बायको म्हणाली, आता हात लावू नका, आहे त्याहून वाईट होईल. ती बरोबर होती, पण स्टायलिस्टच्या अंगात कारागीर शिरला होता. काळे केस उजळ करायला लावतात ते पेरॉक्साइड त्याच्या पेटीत होतं. केसांचा रंग उतरतो तर सोफ्याचा का नाही, असा सरळ हिशेब करून त्याने ते ब्रशने डोक्याभर नीट, कानांच्या कडा सांभाळत लावलं.

रंग उतरला. काळ्याचा नारंगी झाला.

"अहो स्टायलिस्ट," बायको म्हणाली, "आता याला वाफ द्या आणि भांग पाडा."

आणि मग ती मटकन खुर्चीत बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. थोरल्या जाऊबाईंना काय सांगायचं, बाबांना वर न्यायला माणसं कुठून आणायची, ते तिथे परत गप्प झाले तर, असं ती तुटक तुटक बोलत राहिली. तो वाटी हातात धरून उभा होता. वर चादर टाकावी, तर बाई सगळ्यात आधी चादरच उचलून बघणार. सोफा उलटा करावा, तर पाठ भिंतीकडून रस्त्याकडे होणार. त्याचं डोकं चालेना.

मार्ग बाबांनी काढला. सुनेने बादली आणून त्यांचं डोकं धुतलं, पुसलं, राहिलेली दाढी नवऱ्याकडून करवून घेतली, आणि इस्त्रीचा सदरा घातला. मग सोफ्याच्या टोकाला बसवलेले बाबा डाव्या हाताने स्वतःला रेटत रेटत सरकले, बरोबर त्या नारंगी डोक्यासमोर आले, आणि आपलं काळं डोकं त्याच्यावर टेकून बसले. कान जवळजवळ जुळले.

"बरं," ते म्हणाले.

मालकीणबाई आल्या तेव्हा ते तसेच बसले होते. बाई बुटक्या, काखेत मोठी पर्स, चालताना भिंतींना हात लावत जायची सवय. प्लास्टिकचं कव्हर कुठे, हे त्यांनी दारातच विचारलं. धुवायला काढलंय, असं बायको म्हणाली. मग त्यांनी नळ सोडून पाहिले, मोरीत वाकून पाहिलं, दिव्यांची बटणं खालीवर केली. बाबांना नमस्कार केला, गुडघे कसे आहेत विचारलं. "बरं." इथे करमतं का? "बरं." बाई स्टायलिस्टला म्हणाल्या, तुमचे वडील मोजकंच बोलतात, चांगलं आहे, आमच्याकडे सगळे फार बोलतात. त्या पर्समधून कराराचे कागदसुद्धा काढणार, एवढ्यात त्यांना आठवलं.

गेल्या साली सोफ्यामागच्या भिंतीला ओल आली होती. ती बघायची होती.

स्टायलिस्ट म्हणाला, ओल गेली. बाई म्हणाल्या, बघते की. तो म्हणाला, सोफा जड आहे. जिन्यावरून वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर उतरत होता, त्याला बाईंनी हाक मारली. ड्रायव्हर म्हणजे देवमाणूस, कोणी हाक मारली की कशाला हे न विचारता येणारा. तो बाह्या सरसावत आत आला आणि म्हणाला, आजोबांना बसू दे वरच, त्यांचं ओझं ते काय.

"नको, पाय मोडतील सोफ्याचे," बाई म्हणाल्या. "आजोबा, जरा उठता का?"

"बरं," बाबा म्हणाले. आणि बसून राहिले.

बाईंना वाटलं, ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्याने परत सांगितलं. बाबा परत बरं म्हणाले. त्यांचा डावा हात सोफ्याच्या कडेवर आवळला होता. शेवटी स्टायलिस्टने त्यांच्या काखांत हात घातले, ड्रायव्हरने कमरेला धरलं, आणि उजवा पाय फरशीवर घासत ते खुर्चीपर्यंत आले. बाईंनी आधी पाय पाहिला की सोफा, हे स्टायलिस्टला आजही सांगता यायचं नाही. ओल पाहायची तर त्या विसरूनच गेल्या.

"हे काय आहे?" त्यांनी सोफ्याकडे बोट केलं.

तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं असंच त्याच्या मनात होतं. बाहेर आलं ते वेगळंच. "बाबांना डुलकी लागली, बाई. डाय ओला होता."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

बाई सोफ्याच्या हातावर टेकल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या. याआधीच्या भाडेकरूंच्या सासूबाई याच घरात गेल्या, त्या सांगू लागल्या. मग घर कितीतरी दिवस रिकामं पडलं. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, कुठल्या खोलीत. बाईंची स्वतःची औषधं या भाड्यावर चालतात, मुलापुढे हात पसरावा लागला तो त्याच काळात. त्यांना कोणाच्या आजारपणाचं वावडं नाही. पण पुन्हा तसं त्यांना झेपणार नाही.

स्टायलिस्ट काकुळतीला येऊन काहीतरी बोलायला लागला. त्यांनी त्याला हातानेच थांबवलं आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या.

"आजोबा, तुमच्याशीच बोलते. राग मानू नका. राहा तुम्ही इथे, अजून एक वर्ष राहा. पण इथे काही व्हायला नको. तसं वाटायला लागलं की लगेच दवाखान्यात जायचं. या घरात नाही. चालेल?"

स्वयंपाकघरात बायकोने नळ मोठा सोडला. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून ओल शोधत उभा राहिला. तिथे ओल नव्हती.

बाबा दाराकडे बघत होते. बाहेरून कोणीतरी सायकलवर जाता जाता त्यांना हात केला. त्यांनी डावा हात उचलून उत्तर दिलं, आणि मग बाईंकडे वळले.

"बरं," ते म्हणाले. सून घरात असून हा सूर तिलाही कळला नाही.

कागदांवर सह्या झाल्या. सोफ्याला नवं कापड, सायीच्याच रंगाचं, भाडेकरूने बसवायचं, हे बाईंनी तोंडी सांगितलं. त्या गेल्यावर ड्रायव्हरने सोफा जागी लावला, बाबांना उचलून दारातल्या खुर्चीत नीट बसवलं, पायाखाली पाट दिला. स्टायलिस्ट म्हणाला, दादा, तुमचे केस वाढलेत, उद्या या, मी कापतो, पैसे नकोत. ड्रायव्हर म्हणाला, कशाला, पण येतो.

तो दुसऱ्या दिवशी आलाही. स्टायलिस्ट म्हणाला, आज गर्दी आहे, परवा बघू. परवा म्हणाला, कात्री धारेला दिली आहे. खरं म्हणजे कात्री खिशातच होती. पण केस कापायचे म्हणजे त्या माणसाला आरशासमोर बसवायचं, आणि केस होईपर्यंत दोघांनी एकाच आरशात बघत राहायचं. त्या खोलीत घरचे आणि बाई सोडल्या तर तेवढा एकच जण होता, ज्याने डुलकीवरचं बरंही ऐकलं होतं आणि दवाखान्याच्या अटीवरचंही.

आता ड्रायव्हरचे केस कॉलरवर आलेत. जिन्यात भेटला की तो मानेवरून हात फिरवतो आणि हसतो. स्टायलिस्ट म्हणतो, या आठवड्यात नक्की.