फुटक्या बांगड्यांचं गिऱ्हाईक

ओहोटी बघून बाहेर पडायचं आणि भरतीच्या आधी घरी यायचं, एवढा एकच नियम आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर पाळला. त्या सकाळी तोही मोडला. शेजारचे बाबल धावत आले, "वहिनी, भाऊ खाडीत पडलेत!" हृदय बंद पडलं होतं. गुडघे चिखलात, चष्मा हातात... आणि समोर ती माझी सवत.

सवत म्हणजे एक समुद्री अळी. डायोपॅट्रा. देवबागच्या खाडीतल्या रेताड चिखलात नळी करून राहते, अंगभर वळ्याच वळ्या. नळीचं बोटभर टोक वर ठेवते आणि त्याला शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, मिळेल ते चिकटवते. आमच्याकडे उतरलेल्या कॉलेजच्या एका मुलीने हे दाखवलं आणि कणकवली डेपोतून निवृत्त झालेला माझा नवरा कामातून गेला. आमची कौलं गळायची, हे त्या बयेचं घर बघत बसायचे!

एकदा माझी बांगडी फुटली. तुकडे टाकायला निघाले तर ओरडले, "अगो, टाकू नको! माका दी. तिका घर बांधूक होया." कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून काचेच्या कडा घासल्या. कशावर? माझ्या देव्हाऱ्यातल्या सहाणेवर! डोकंच फिरलं माझं. दोन दिवसांनी हिरवा तुकडा नळीवर लागला, तर नातवंड झाल्यासारखे नाचत आले. "चल गो, बघूक चल."

"तुमका काम नाय, माका आसा," मी म्हटलं. गेले नाही. कधीच गेले नाही... आता हा राग काढू कुणावर?

दहाव्याला नणंद बांगड्या फोडायला बसली. मी हात पुढे केला. "फोडा वन्सं. पण तुकडे माका होये."

"कित्याक गो?"

"त्यांचा गिराईक थांबलाहा."

दुःखाने हिचं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी कडा घासल्या, त्याच सहाणेवर. ओहोटीला साडी खोचून, त्यांच्या नावाने बोटं मोडत चिखलात उतरले. जिवंतपणी जमलं नाही ते मेल्यावर करून घेतलं माझ्याकडून! तिसऱ्या दिवशी एका नळीवर माझा हिरवा तुकडा उभा होता. मी तिथेच चिखलात बसून रडले.

आठवड्यात तुकडे संपले. परवा मालवणच्या बाजारात जाऊन कासारणीपुढे हात केला. "हिरव्यो भर. डझनभर." ती माझ्या रित्या कपाळाकडे बघतच राहिली.

"बगतंस काय? भर गो!"

घरात फुटायला चार बांगड्या नकोत?