देवांच्या ओळीत माझं नाव

देवीवर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. आमचं घर गोंधळ्यांचं. माझे मालक बिलोली, नायगावकडच्या लग्नघरांत गोंधळ घालायचे. चौक मांडला, दिवटी पेटली की तुळजापूर, माहूरपासून थेट गावच्या मरीआईपर्यंत एकेका देवाला नाव घेऊन "गोंधळाला ये" म्हणून बोलवायचं; एक जरी राहिला तरी गोंधळ पुरा होत नाही. त्यांचा कधी एकही राहिला नाही. अशा माणसाची वाचाच लकव्याच्या झटक्यानं गेली. हातपाय सावरले, बोलणं काही परत आलं नाही. जन्मभर जिची चाकरी केली, तिनं नेमकं हेच बरं उचलून न्यावं?

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मिनिटभरात आठवतील तेवढी जनावरं सांगायला लावली. "गाय," म्हणाले, आणि पुन्हा "गाय." घाम फुटला त्यांना. बाई म्हणाल्या, शब्द जागेवर आहेत, पण मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे पांढरे धागे तुटलेत. म्हणून एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. विहिरीत पाणी आहे आणि मोटारीची वायर जळालीय, असं मी मनाशी समजून घेतलं. मग बाईंनी त्यांना माझं नाव विचारलं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. हाच माणूस गल्लीच्या तोंडापासून "शेवंता, च्या ठिव!" म्हणून ओरडत यायचा. लोक हसायचे, मी चिडायचे. आता घरात मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची मी वहिनी, नाहीतर काकू.

माझा दीर संबळ वाजवतो. बिलोलीजवळच्या एका लग्नघरी तो यांना सोबत घेऊन गेला, नुसतं बसायला. औषधाची पिशवी घेऊन मीही गेले. दिरानं संबळावर हात टाकला आणि यांचे ओठ हलले. भवानी आली, रेणुका आली, खंडोबा आला, जोतिबा आला, कुठं अडखळणं नाही. "वहिनी, दादा बोलायलाय!" दीर रडत रडत वाजवत होता. मला मात्र आनंदाच्या आधी रागच आला. सगळे देव आठवतात, आणि जिनं लाळ पुसली ती नाही! देवीआईनं आपली तेवढी माणसं सोडवून नेली, असं वाटलं.

गावची मरीआई झाली. ओळ संपली. संबळ अजून चालू होता, आणि त्याच सुरात ते म्हणाले, "शेवंता, गोंधळाला ये."

लग्नघरची म्हातारी कडाडली, "बायकूला देवात बसवलास व्हय रे? आमचा गोंधळ नासवलास!" दिरानं तिचे पाय धरले आणि सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा घेतली. आम्हाला जेवायलाही कुणी बसवलं नाही. त्या गावचं बोलावणं पुन्हा आलं नाही. परतताना जीपमध्ये मी विचारलं, "माजं नाव सांगा की वो." ते बघत राहिले.

मेंदूत तालाची वाट वेगळी असते, ती शाबूत राहिली असेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेल. मी वाद घालत नाही. त्यांना बोलतं कर म्हणून देवीला साकडं घालणंही मी सोडलं. मंगळवारी दीर अंगणात संबळ घेऊन बसतो, हे नावं घेतात, आणि मी पदराला हात पुसत दाराशी उभी राहते. कधी माझं नाव येतं, बहुतेकदा येत नाही. आई, राग अजून गेलेला नाही माझा. पण त्या दिवशी तू सरकून मला जागा दिलीस, ते मी विसरायची नाही. तुम्ही सगळे देव आधी येऊन जा. मी थांबते.